राजानकोदंडधरी

एका राज्यात, आणि कुठल्या ते विचारू नका, कारण विचारलेत तर तिथलेच तिघे तीन नावे सांगतील, एक पोथी होती. पोथी उशीएवढी जाड, नऊशे पानांची. तिच्यात मूळ मजकूर किती? एक ओळ. उरलेली सगळी पाने त्या ओळीच्या अर्थाची, अर्थाच्या अर्थाची, आणि आधीच्या अर्थवाल्याला गाढव ठरवणाऱ्या अर्थाची.

त्या राज्याचा धर्म पैलपंथ. फार वर्षांपूर्वी पैलाई नावाच्या बाईने उपाशी माणसांचा तांडा नदी ओलांडून ह्या तीरावर आणला. नदीच्या मध्यावर उभी असताना ती एक वाक्य बोलली. ते कोणीतरी ताडपत्रावर उतरवून घेतले. पैलाई पुढे वारली, तांड्याचे गाव झाले, गावाचे राज्य झाले, आणि वाक्याचा धर्म झाला. ते वाक्य असे:

राजानकोदंडधरी

अक्षराला अक्षर चिकटलेले. मध्ये जागा नाही, विराम नाही, काही नाही. आता ही ओळ तोडायची कुठे, ह्यावरून सगळे राज्य तुटले होते.

प्रधानजी म्हणत, "राजान को दंड धरी. 'को' म्हणजे कोण. राजाला दंड करणारा कोण? कोणीही नाही." म्हणजे राजा बोलेल ते खरे, आणि राजाने काय बोलायचे ते प्रधानजी ठरवणार. सेनापती म्हणत, "राजा न कोदंड धरी. राजाने धनुष्य हाती धरू नये." म्हणजे फौज, किल्ले, हत्ती, घोडे सगळे सेनापतींच्या ताब्यात. पेठेचा म्होरक्या कोंडशेट म्हणे, "राजा नको, दंड धरी. राजाच नको. दंडुका घ्या." आणि दंडुकेवाल्यांच्या पुढे चालणार कोण? कोंडशेट.

बरे, नुसते बोलून थांबले असते तर कोणाचे काय गेले असते? पण नदीकाठच्या डोंगरात अक्षरभैरव नावाचा जादूगार राहत होता. त्याच्यापाशी विरामांचा खजिना होता. त्यातला एक विराम आणून ओळीवर ठेवला की ओळ तिथे तुटे, आणि तो अर्थ त्या घटकेपासून खरा होई. प्रधानजींनी विराम ठेवला. राजाबद्दल तक्रार नुसती मनात आणली तरी उचकी लागू लागली, आणि वर्षभर राज्यात कोणाचे जेवण धड झाले नाही. सेनापतींनी तो उचलून फेकला आणि आपला ठेवला. राजाचे दोन्ही हात अंगाला चिकटले. नाकावर माशी बसली तर हुजऱ्याला हाक मारावी लागे. मग कोंडशेटने आपला ठेवला. घराघरांतल्या काठ्या उठल्या, मुसळे उठली, लाटणी उठली, आणि आपणहून मिरवणुकीत जाऊन नाचू लागली.

तान्हाईच्या घरची ताकाची रवीसुद्धा गेली. तीन दिवस आली नाही. आली तेव्हा तिचा एक दात मोडलेला होता.

तान्हाई ही त्या पोथीची बासनकरीण. पोथी ज्या कापडात बांधतात ते बासन धुवायचे, वाळवायचे, पुन्हा गाठ मारून बांधायचे, हे तिचे काम. तिच्या सासूचे तेच, सासूच्या सासूचे तेच. नऊशे पानांवरची धूळ तिच्याइतकी कोणी खाल्ली नव्हती. तिला कोणी अर्थ विचारला नाही, आणि तिनेही कोणाला सांगितला नाही. ती एवढेच म्हणे, "भांडा, पण हात धुऊन भांडा. बासन मळतं."

तिचा नवरा येसोबा. सणाच्या दिवशी पोथीखालचा चौरंग दोन्ही हातांनी उचलून धरायचा, हे त्याचे काम. शांत माणूस. एका जागी उभा राहण्यात त्याचा हात धरणारा राज्यात दुसरा नव्हता.

पारदिवसाचा, म्हणजे पैलाईने नदी ओलांडल्याच्या दिवसाचा, सण आला. भर दुपार, चौक माणसांनी गच्च भरलेला. येसोबाने चौरंग उचलून धरला, पोथी उघडली, आणि प्रधानजी, सेनापती, कोंडशेट तिघेही एकाच वेळी आपापला विराम घेऊन पुढे सरसावले. एकाने तरी मागे हटावे की नाही? नाही. तिन्ही विराम एकदम ओळीवर पडले. कडाड् असा आवाज झाला. धूर निवळला तेव्हा राजाचे हात पुन्हा अंगाला चिकटलेले होते, चौरंग जमिनीवर आडवा होता, आणि येसोबाची काठी झाली होती. चार हात लांब, सागवानी, वरच्या टोकाला नाकाच्या जागी एक गाठ.

लोक हळहळले का? छे! प्रधानजी ओरडले, "दंड प्रकट झाला! ह्याला तासून राजदंड करू." सेनापती म्हणाले, "वाकवून धनुष्य करू." कोंडशेट म्हणाला, "लोखंडी कडं ठोकून मिरवणुकीच्या पुढे धरू." आणि तिघांनी काठीला हात घातला.

गर्दीला कोपरे मारत तान्हाई आत शिरली आणि तिने काठी ओढून छातीशी धरली.

"ही काठी नाही. माझे घरधनी आहेत."

"नाव?" प्रधानजींनी विचारले.

"नाव मी कसं घेऊ?"

प्रधानजी कारकुनाकडे वळले. "लिही. दंड अनाम आहे."

तान्हाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण ऐकतो कोण! बराच वेळ खल होऊन असे ठरले की पुढच्या पौर्णिमेला निवाडा होईल आणि जो जिंकेल तो काठी नेईल. तोवर काठी बाईकडे राहू द्यावी. तासा, वाकवा नाहीतर ठोका, येसोबाचे त्यात काय होणार, हे कोणी विचारले नाही. विचारण्यासारखे ते तान्हाईला एकटीलाच वाटले.

घरी आणून तिने काठी चुलीपासून दूर, भिंतीला टेकवून ठेवली. तिळाचे तेल चोळले. वाळवी लागू नये म्हणून खाली हळदीची रेघ ओढली. "अहो, ऐकताय का?" ती म्हणे. काठी काय बोलणार? मग तीच दोघांचे बोले आणि दोघांच्या वतीने चिडे. वैद्य झाले, मांत्रिक झाले. एका मांत्रिकाने काठी पुरून तिला पाणी घालायला सांगितले, तेव्हा तान्हाईने त्याला तीच काठी दाखवली आणि तो पळाला. नंतर बराच वेळ ती काठीची क्षमा मागत बसली.

असे पंधरा दिवस गेले. अमावास्या आली. बासन धुण्याचा दिवस. तान्हाईने आदले बासन नदीवर नेले, काठी बरोबर घेतली, कारण घरी ठेवायची सोय राहिली नव्हती. तिन्ही पक्षांची माणसे कुंपणापाशी घुटमळत होती. ती धुणे आपटू लागली. एकेक आपटणे एकेकाच्या नावाने.

वाळूत अंड्यांवर बसलेली टिटवी बोलली, "अगं, हळू. पोरं जन्माआधीच बहिरी होतील."

"तुला काय जातं?" तान्हाई म्हणाली. "तुझा नवरा काठी झालाय का?"

"नाही. पण ती ओळ बोलली गेली तेव्हा माझी खापरपणजी इथेच वाळूत बसलेली होती. आमच्यात ती ओळ आई लेकीला सांगते."

तान्हाईचे हात थांबले. "मग सांगी! लवकर सांगी!"

"आम्हाला ट येतो, ठ येतो. त्याच्या पुढचं अक्षर येत नाही."

"मग अर्थ सांगी."

"अर्थ सांगणारे तुमच्यात कमी आहेत का?" टिटवीने मान वाकडी केली. "समजावलेली ओळ म्हणजे भाष्य. भाष्याने हा शाप फुगतो. ओळ जशी बोलली गेली होती तशी कोणीतरी बोलली पाहिजे, तरच तो सुटेल. तीन कामं कर. ओळीचं पान पोथीतून बाहेर काढ. अक्षरभैरवाच्या गुहेतून पार जा, पण रिकाम्या हाताने जा. आणि नदीच्या मध्यावर, पैलाई उभी होती तिथे उभी राहून ती ओळ बोल."

"तशी म्हणजे कशी?"

"तशी," टिटवी म्हणाली, आणि अंडी फिरवू लागली.

पहिले काम ऐकूनच कोणी हाय खाल्ली असती. पोथीच्या पेटीला तीन कुलुपे, एकेका पक्षाचे एकेक, आणि प्रत्येकापाशी पहारा. तान्हाई प्रधानजींकडे गेली. म्हणाली, "बासन बदलायचं आहे." प्रधानजींनी किल्ली दिली. सेनापतींकडे गेली. "बासन बदलायचं आहे." त्यांनी किल्ली दिली. कोंडशेटने तर मान वर न करताच किल्ली सरकवली. ऐका आता! तीन पिढ्या ज्या तीन पक्षांचे एका शब्दावर जमले नाही, त्यांचे बासन मळते ह्यावर एकमत होते. तिने पेटी उघडली. ओळीचे ताडपत्र वेगळे काढले, मळक्या कापडात गुंडाळले, उरलेली नऊशे पाने नव्या बासनात घट्ट बांधली, आणि तिन्ही पहारेकऱ्यांसमोरून ओळ काखेत मारून बाहेर आली.

तेरा-चौदा दिवस कोणाच्या लक्षातही आले नाही. वाद मात्र रोज चालू होता.

गुहेची वाट शोधता शोधता तेवढे दिवस गेले, आणि पौर्णिमेच्या आदल्या सकाळी तान्हाई डोंगर चढून गुहेपाशी पोचली. गुहेत फडताळांवर फडताळे, फडताळांवर काचेच्या बुधल्या, आणि बुधल्यांत विराम. छोटे, काळे, मोहरीसारखे, काही झोपलेले, काही काचेवर टकटक करणारे. मध्ये अक्षरभैरव बसला होता. त्याला भुवया नव्हत्या. त्या जागी दोन ओळी लिहिलेल्या होत्या.

"ह्या वाटेने जाणाऱ्याने ओळीचा अर्थ सांगायचा," तो म्हणाला. "जो सांगेल त्याचा आवाज मी ठेवून घेतो. सांग."

"मला माहीत नाही."

अक्षरभैरव पुढे वाकला. "काहीतरी सांग."

"नाही माहीत, तर काय सांगू? माहीत असतं तर तुझ्या दारात आले असते का? माझी भाकरी थापायची वेळ आहे ही."

तीन पिढ्या तो हाच प्रश्न घेऊन तिथे बसला होता. पंडित आले, राजे आले, शिष्य आले. एकानेही कधी माहीत नाही असे म्हटले नव्हते. त्या उत्तरावर त्याच्यापाशी मंत्रच नव्हता. त्याने दोन पोथ्या चाळल्या, मान खाजवली, आणि बाजूला सरकला.

"ओळीतले विराम चोरलेस ते तूच ना?" तान्हाईने जाता जाता विचारले.

"चोरले नाहीत. तुमच्याच राजाच्या आजोबाने काढून मागितले. एकच अर्थ असलेली ओळ त्याला पुरत नव्हती." मग त्याचा आवाज मऊ झाला. त्याने एक बुधली पुढे केली. "बाई, हा घे. ओळीवर ठेव. नवरा आत्ता, इथे, उभा राहील."

तान्हाईने बुधलीकडे पाहिले. "आणि?"

"आणि काय? एक काठी माणूस होईल, तर एक माणूस काठी होईल. तोलाला तोल. कोण, ते मी ठरवत नाही. जो जवळ असेल तो."

"इथे जवळ कोणीच नाही."

"खाली घाटावर बायका धुणं धुताहेत."

आता खोटे कशाला सांगू? तिने बुधली हातात घेतली. झाकण अर्धे फिरवले. काठी तिच्या खांद्याला टेकलेली होती, आणि तिला येसोबा हवा होता, आज हवा होता, बाकी जग गेले खड्ड्यात असे तिला त्या घटकेला अगदी मनापासून वाटले. खालून घाटावरून कपडे आपटल्याचे आवाज आले. कोणीतरी मोठ्याने हसले. ते हसणे कुंभारवाड्यातल्या सईचे, हे तान्हाईला इतक्या उंचावरूनही कळले.

तिने झाकण करकचून लावले. "म्हणजे पुन्हा कोणीतरी नवरा काखेत घेऊन दारोदार हिंडायचं? ठेव तुझ्यापाशी. शी!"

आणि ती रिकाम्या हाताने पलीकडच्या उतारावरून नदीत उतरली. रिकाम्या म्हणजे काय, एका हातात पान, एका हातात नवरा.

नदीच्या मध्यावर, कमरेएवढ्या पाण्यात, एक सपाट खडक होता. पैलाई तिथे उभी राहिली होती. खडकाच्या डाव्या अंगाला डोह. तिथे पाणी शांत दिसे आणि माणूस गिळी. तान्हाई खडकावर उभी राहिली. पान डोळ्यांसमोर धरले आणि ओळ वाचली. हळू वाचली, जोरात वाचली. रडत वाचली, गाऊन वाचली. 'राजान' म्हणून पाहिले, 'कोदंड' म्हणून पाहिले. प्रत्येक वेळी तीरावरून टिटवी म्हणे, "नाही."

"मग कशी, बये, कशी!"

"तशी."

दुपार झाली. पाय बधिर झाले. उद्या पौर्णिमा. तान्हाईने कपाळावर हात मारून घेतला. नऊशे पानांचे लोक शहाणे म्हणायचे, निदान कोरड्या जागेत बसून तरी चुकत होते.

इकडे राजवाड्यात काय झाले? राजा बावीस वर्षांचा, हात अंगाला चिकटलेले, आणि ह्या भांडणांचा कंटाळा आलेला. त्याने त्या सकाळी सहज म्हटले, "उद्या निवाडा आहे. ती ओळ एकदा मला दाखवा. मी अजून पाहिलेली नाही." पेटी उघडली. नऊशे पाने निघाली, ओळ निघेना. प्रधानजी सेनापतींवर ओरडले, सेनापती कोंडशेटवर, कोंडशेट सगळ्यांवर. शेवटी एका पहारेकऱ्याला मळके बासन आठवले. मग निघाली सगळी वरात नदीकडे. पुढे राजा, मागे तिन्ही पक्ष, त्यांच्या मागे पेठ.

काठावर येऊन राजा थांबला नाही. "बाई," तो म्हणाला, "ती ओळ मला बघायची आहे." आणि तसाच पाण्यात उतरला. ज्याचे हात हलत नाहीत त्याला तोल कसला? चौथ्या पावलाला तो घसरला, प्रवाहाने त्याला डावीकडे लोटले, आणि गळ्यापर्यंत पाण्यात तो डोहाच्या तोंडाशी जाऊन अडकला. पाय एका दगडाला टेकत होते, तेवढेच.

काठावर पाचशे माणसे होती. एकजणही उतरला नाही. का? ऐका.

"महाराजांना पकडून ओढणं म्हणजे महाराजांना दंड करणं," प्रधानजी म्हणाले. "तो अधिकार कोणालाच नाही. तिसरं भाष्य, चाळिसावं पान."

"फौज तयार आहे," सेनापती म्हणाले. "पण बुडणं हे युद्ध आहे का, हे आधी ठरवा."

"राजा नको, हे आम्ही आधीपासून सांगतोय," कोंडशेट म्हणाला. मग जरा चाचरला. "बुडवा, असं मात्र म्हटलेलं नाही. बघावं लागेल."

"बघा ना!" प्रधानजी म्हणाले. "पाने आणलीत का?"

"पाने तुमच्याकडे."

राजाच्या नाकाशी पाणी आले. त्याने घाबरून पाय झाडले. पाय झाडले तसा तो दगडावरून सुटला आणि डोहाकडेच सरकू लागला.

तान्हाईने ते बोलणे सगळे ऐकले, आणि तिच्या डोक्यात काहीतरी तुटले. मूर्ख! सगळेच्या सगळे मूर्ख! पोर बुडतेय आणि ह्यांना पान हवे! तिने हातातल्या ताडपत्राकडे पाहिलेसुद्धा नाही. ते कधी सुटून वाहून गेले, ते तिला कळले नाही. राजापर्यंत तिचा हात पोचत नव्हता. पोचेल अशी एकच वस्तू तिच्यापाशी होती. ती हातून निसटली तर नदी तिला समुद्रापर्यंत नेणार होती, आणि मग पौर्णिमा काय नि निवाडा काय, सगळेच संपणार होते. "अहो," ती काठीला पुटपुटली, "माफ करा." खडकावर आडवी पडून तिने काठी पुढे केली, आणि छाती फुटेल एवढ्या जोराने ओरडली,

"राजा, नको! दंड धरी!"

राजा, तिकडे नको जाऊ. माझा दंड धर. बास. घाटावरच्या बायका पाण्यात घसरणाऱ्याला अशाच हाका मारतात. लेक असो, पाहुणा असो, चोर असो, त्या घटकेला तो राजाच. 'धर' ला त्या 'धरी' म्हणतात. आणि घाटावर काठीला काठीच म्हणतात; दंड म्हणजे खांद्याखालचा दंड.

राजाचे हात अंगापासून सुटले. त्याने झडप घालून जे समोर होते ते घट्ट धरले, आणि ते ऊन होते. छातीएवढ्या पाण्यात येसोबा उभा होता, खोकत, डोळे चोळत, आणि राज्याचा राजा त्याच्या दंडाला लोंबकळत होता.

"अशी," टिटवी म्हणाली. "अशीच बोलली होती ती. एक पोरगा खोल पाण्यात निघाला होता तेव्हा."

डोंगरात फटाफट बुधल्या फुटल्या. सगळे विराम मधमाश्यांसारखे बाहेर पडले आणि राज्यभर जिथले तिथे जाऊन बसले. त्या दिवसापासून लोकांना योग्य जागी थांबता येऊ लागले. प्रधानजींनासुद्धा, पण ते हळूहळू. अक्षरभैरव रिकाम्या फडताळांकडे पाहत राहिला आणि मग शिकवण्या करू लागला असे म्हणतात.

येसोबाने राजाला खडकावर बसवले. मग, काय सांगू तुम्हाला, प्रधानजी म्हणाले, "पण हिने महाराजांना अरे-तुरे केलं!"

"डावा दंड की उजवा?" सेनापतींनी विचारले.

"आणि कोणाचा?" कोंडशेट म्हणाला. "हे स्पष्ट होत नाही."

राजा थरथरत होता, ओला होता, आणि जन्मात पहिल्यांदा त्याने दोन्ही हातांनी आपले कान झाकून घेतले. मग हात काढून तो म्हणाला, "आजपासून ज्याला ह्या ओळीचा अर्थ सांगायचा असेल, त्याने इथे येऊन सांगावा. इथेच, ह्या पाण्यात उभं राहून. आणि ज्याला तो अर्थ पटत नसेल त्याचा दंड धरून. ह्याला अपवाद नाही. या, प्रधानजी."

प्रधानजी आले. सेनापती आले. कोंडशेटला लोकांनी ढकलले. तिघांनी एकमेकांचे दंड धरले, कारण न धरता उभे राहता येईना. पाणी बर्फासारखे गार होते. नऊशे पानांचा वाद त्या दिवशी अर्ध्या घटकेत आटोपला. पुढेही तसाच आटोपत गेला. पाने जाळली नाहीत. पैलाईने काही जाळायला सांगितले नव्हते. ती दप्तरात ठेवली. राजा राज्य करू लागला, चुकला तर लोक त्याला तोंडावर सांगू लागले, आणि घरोघरची मुसळे घरातच राहिली. निवाडा झाला नाही, कारण निवाडा करण्यासारखे काही उरले नव्हते.

पण हे सगळे मागाहून. त्या दुपारी तान्हाई आणि येसोबा ओल्या कपड्यांनी घराच्या वाटेला लागले. तिने त्याचा दंड धरला होता, तो सोडला नव्हता. चौक आला, पेठ आली, लोक दारांत येऊन बघू लागले.

"अगं, सोड आता," येसोबा हलक्या आवाजात म्हणाला. "सगळे बघताहेत."

"बघू देत. महिनाभर असेच धरून हिंडले तेव्हा काही बोलला नाहीत."

"तेव्हा मी काठी होतो."

"त्यांच्यासाठी," तान्हाई म्हणाली. "माझ्यासाठी नव्हता."

ओळ होती एकच, आणि ती सांगायला आम्हीही एवढी पाने घेतली; ऐकणाऱ्यांनी राग मानू नये, आणि कोणी पाण्यात असेल तर आधी तिकडे धावावे.